म्हशीच्या पाठीसारखं मैदान

या अंकात दरवर्षी निवृत्त माणसं आपल्या नोकरीबद्दल लिहितात. गेल्या वर्षी एका पोस्टमनकाकांचा लेख होता, त्याच्या आदल्या वर्षी एसटीतल्या एका कंडक्टरचा. मी निवृत्त नाही. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे "अनुभव लिही" असं मराठीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मला संकोच वाटला.

"चार वर्षांचा काय अनुभव असणार मॅडम," मी म्हटलं.

"दमली आहेस का?"

"हो."

"मग लिही."

मी महाडच्या फुटबॉल मैदानावर काम करते. सकाळी सहा ते साडेनऊ. रेषा आखणं, गवत राखणं, पाण्याला वाट करून देणं, पायऱ्या झाडणं. मग हात धुऊन कॉलेज. कितीही धुतले तरी नखांत फक्की राहतेच. फक्की म्हणजे रेषा मारायची पांढरी पूड. पहिल्या वर्षी वर्गातल्या मुलींना वाटायचं, मी कुठेतरी भिंती रंगवायला जाते.

हे काम मला आत्यामुळे मिळालं. आमचं गाव वरंधच्या बाजूला, भातशेतीचं. महाडात शिकायचं तर राहायचं आत्याकडे, आणि आत्या मैदानाच्या पायऱ्या झाडायची. तिचे गुडघे गेले, तेव्हा तिने झाडू माझ्या हातात दिला. मैदान राखणारे धोंडूमामा तिथे तीस वर्षं होते. शाळा-कॉलेजात शिपायाला मामा म्हणतात तसे ते साऱ्या गावाचे मामा. मूळचे पोलादपूरचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाव काय गो?"

"अंकिता."

"अंके, फुटबॉल खेळलीस कधी?"

"नाही."

"बरा झाला. खेळणाऱ्यांना मैदान दिसत नाय. त्यांना बॉल दिसतो."

आता मैदानाचा इतिहास सांगते. कागदावर तो कुठे लिहिलेला मला सापडला नाही. मामांनी सांगितला तेवढाच मला माहीत आहे. आधी तिथे नदीकाठची भाताची खाचरं होती. कापणी झाली की गल्लीतली मुलं धसकटांत खेळायची. गोलाला बांबू. पुढे कुणीतरी जागा दिली, मैदान समिती झाली आणि बांबू जाऊन लोखंडी पाइप आले. मग एका बाजूला जांभ्या दगडाच्या चार पायऱ्या झाल्या. त्या दिवसापासून गाव त्याला स्टेडियम म्हणायला लागलं. मामा मात्र शेवटपर्यंत "मैदान" म्हणायचे. पुढे पायऱ्यांवर सिमेंट चढलं, चाराच्या नऊ झाल्या, वर पत्रे आले. एका वादळात ते पत्रे उडाले आणि त्यातले दोन कोर्टाच्या मागे सापडले. बाकीचे कुठे गेले ते कुणी सांगत नाही, पण बाजारातल्या एका भजीच्या गाडीवरचा पत्रा बघून मामा दरवेळी मान हलवायचे. दिव्यांचे चार खांब आले. त्यातल्या दोन खांबांवर दिवे आहेत. खेळाडूंना कपडे बदलायला खोली झाली. तिच्या दाराशी तेव्हा दोन पायऱ्या चढाव्या लागत. आज एक पायरी उतरून आत जावं लागतं.

हे असं का, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगते. आमच्या मैदानाची सर्वांत मोठी सुधारणा नदी करते. पूर आला की गाळ येतो. कितीही उपसला तरी बोटभर राहतोच. असं वर्षानुवर्षं मैदान वर येत गेलं आणि खोली तिथेच राहिली. गोलाचे खांबही तिथेच राहिले. म्हणजे गोल दर पुरानंतर बुटका होत जायचा. बाहेरगावचे एक पंच एकदा छत्री घेऊन आले. छत्री गोलात उभी धरली, वर हात लावून बघितला आणि म्हणाले, "मामा, हा आडवा खांब आठ फुटांवर नाहीये."

मामा म्हणाले, "खांब आठ फुटांवरच हाय साहेब. जमीन वर आलीय."

पंचांनी सामना थांबवला. मामांनी आणि दोन्ही संघांच्या गोलकीपरांनी मिळून दोन्ही गोल खणून काढले आणि पुन्हा बसवले. दीड तास गेला. गोलकीपर सर्वांत नाखूश होते. बुटका गोल त्यांना सोयीचा होता.

आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणावं अशी माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. ते ताज्या रेषेवरूनच चालतात. "सरळ चालायची सवय आहे," म्हणतात. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात आणि गोलाच्या जाळीत अडकून हसतात. कुठल्या तरी पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरणार होतं तेव्हा मधल्या वर्तुळात इंग्रजी एच काढायला सांगितला. मामांनी काढला. हेलिकॉप्टर आलंच नाही, पण तो एच पुसला जाईना. पुढच्या सामन्यात मुलं विचारत होती, बॉल एचच्या कुठल्या दांडीवर ठेवायचा.

मामांनी मला रेषा शिकवल्या. काटकोन काढायला त्यांच्याकडे गाठी मारलेली एक दोरी होती. तीन, चार आणि पाच. गवंडी वापरतात तशी. शाळेत हेच प्रमेय मी पाठ करून विसरले होते. ते दोरीला गाठी मारून खिशात ठेवता येतं हे मला मैदानावर कळलं. फक्की वाऱ्याच्या दिशेने टाकायची, तोंडाला ओढणी बांधायची, आणि मागे वळून रेषेकडे बघायचं नाही. बघितलं की हात वाकडा होतो.

पण खरं काम पाण्याचं. मामा म्हणायचे, "मैदान म्हंजे म्हशीची पाठ. मधी उंच, कडंनी उतरती. म्हशीच्या पाठीवर कधी पाणी थांबलेला बघितलास?" मैदानाच्या मधोमध हातभर उंचवटा होता. लांबून दिसायचा नाही. पण सर्वांत खालच्या पायरीवर पालथं झोपून डोळा जमिनीला लावला की दिसायचा. चारी बाजूंनी उघडी गटारं आणि नदीकडच्या कोपऱ्यात त्यांचं एकत्र तोंड. पाऊस थांबल्यावर मामा चपला काढून मैदानभर चालायचे आणि ठिकठिकाणी टाच दाबायचे. टाचेच्या खड्ड्यात पाणी आलं की खेळ बंद. कितीही मोठा माणूस आला तरी बंद. एकदा समितीच्या अध्यक्षांचा भाचा संघ घेऊन आला होता. मामांनी त्यालाच टाच दाबायला लावली. बूट भिजला तेव्हा तो परत गेला.

हे सगळं मी शिकत होते. वहीत लिहूनही ठेवत होते. तरी पुढचं घडलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मोठा पूर आला. मी त्या वेळी गावी लावणीला गेले होते. घाटात दरड आली, रस्ता बंद झाला, आणि मी महाडात पोचेपर्यंत पाणी उतरून चार दिवस झाले होते. सातव्या पायरीवर पाण्याची ओळ उमटली होती. मैदानावर घोट्याच्या वर गाळ, त्यात बाटल्या, चपला, कुणाचा तरी पाट, एक मेलेली कोंबडी. गोल एका बाजूला कलला होता. सगळं मैदान गुळगुळीत तपकिरी. आवाज कुठलाच नव्हता.

मामांची खोली नदीच्या आळीत होती. ती गेली होती. तीन दिवस पाण्यात राहून त्यांना ताप भरला होता आणि त्यांची मुलगी त्यांना रिक्षात बसवून पोलादपूरला घेऊन चालली होती. मी धावत गेले. मामांनी रिक्षातून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"अंके, कचरा उचल, पन गाळाला हात लावू नको. ओला हाय तोवर अजाबात नाय. ऊन पडंल, भेगा पडतील, पोपडे उचलतील, मग पाटीनं उचलायचा. मी येतो तवर थांब."

"हो मामा."

"थांब म्हंजे थांब."

मी थांबले. दोन आठवडे थांबले. पाऊस अधूनमधून चालूच होता, भेगा काही पडेनात. समितीचे अध्यक्ष रोज सकाळी स्कूटरवरून यायचे. दसऱ्यानंतर तालुक्यांच्या संघांचा चषक आमच्या मैदानावर होता, दरवर्षी होतो तसा. आणि त्याच वर्षी एका कंत्राटदाराने समितीपुढे टर्फचा प्रस्ताव ठेवला होता. टर्फ म्हणजे प्लास्टिकचं गवत, भोवती जाळी, तासावर भाड्याने.

अध्यक्ष स्कूटरवरून न उतरताच म्हणाले, "हे बघ, माझ्या मनात मैदान तोडायचं नाही. पण या वर्षी चषक इथे नीट झाला नाही, तर अर्धं मैदान टर्फला जाईल. मग मी कुणाला अडवू शकणार नाही. मामांना कळव."

मी मामांना फोन केला. त्यांच्या मुलीने उचलला. म्हणाली, शुद्धीत आहेत पण बोलवत नाही. मी काही सांगितलं नाही.

मग मी वडिलांना फोन केला. इथूनच माझी चूक सुरू होते.

मी बाबांना फक्त एवढंच म्हटलं की मैदानावर गाळ आहे आणि मला एकटीला झेपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. टेम्पोत पॉवर टिलर, सपाटीची लाकडी फळी, आणि बरोबर गावातले चौघे. आमची लावणी नुकतीच संपली होती. माणसांच्या पाठी अजून सरळ झाल्या नव्हत्या. पाऊस पडत होता आणि त्यांच्या डोक्यावर इरली होती. बाबा मैदानात उतरले, मूठभर गाळ उचलला, बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"अगो, ह्यो तर सोन्यासारखा गाळ हाय. लोक ह्याच्यासाठी जीव टाकतात."

"बाबा, मामा म्हणाले होते सुकू द्या."

"सुकल्यावर दगुड व्हतो. पाणी हाय तवरच बसवायला हवा. तू शेतकऱ्याची पोर ना?"

मी शेतकऱ्याची मुलगी होते. भाताच्या खाचरात चिखलणी कशी करतात हे मला अक्षर ओळखायच्या आधीपासून माहीत होतं. पाणी भरलेल्या मातीत नांगर फिरवत राहायचा, माती दह्यासारखी होईपर्यंत. मग तिच्यावर फळी फिरवायची. उंचवटा कापून सखलात ओढायचा. शेवटी खाचर आरशासारखं दिसलं पाहिजे. पाणी इथून तिथवर सारखं उभं राहिलं तर गावात म्हणतात, याच्या हाताला गुण आहे. ज्याच्या खाचरात मधेच जमीन डोकं वर काढते, त्याला हसतात.

मला मामांचं वाक्य आठवत होतं. पण आमच्याकडे चांगली जमीन म्हणजे सपाट जमीन, हे त्याहून खोल गेलेलं होतं. आणि अर्धं मैदान जाईल या भीतीने मी आधीच अर्धी झाले होते. मी गप्प राहिले. गप्प राहिले हेही पूर्ण खरं नाही. दुपारी मी स्वतः फळीवर उभी राहिले. वजन लागतं म्हणून. लहानपणी लावणीत राहायचे तशी. बाबा टिलर चालवत होते, मी मागे फळीवर, आणि चिखल दोन्हीकडे उडत होता. मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं. महिनाभरात पहिल्यांदा.

मामांची म्हशीची पाठ संध्याकाळपर्यंत गेली. मैदान एका पातळीत आलं. अध्यक्षांनी पायऱ्यांवरून फोटो काढला. म्हणाले, "वा! स्टेडियम आता स्टेडियमसारखं दिसतंय."

बाबा पाय धूत म्हणाले, "पाणी भरून बघा साहेब. तसूभर वरखाली व्हायचा नाय."

ते बोलले ते अगदी बरोबर होतं.

गणपतीनंतर ऊन पडलं. मैदान सुकलं आणि टणक झालं. मी पाणी मारलं तर ते मुरेना, वरच राहायचं. गवताचं बी टाकलं, ते उगवलं नाही. उगवलं ते भलतंच. नदीकडच्या गोलात एका सकाळी मला हिरवे कोंब दिसले, दाट, एकसारखे. मी खाली बसले आणि पान बोटांत धरलं. भात होता. पुराने कुणाच्या तरी घरातलं बियाणं आणून टाकलं होतं, आणि आम्ही त्याच्यासाठी झकास चिखलणी करून ठेवली होती. तेव्हा मला कळलं आम्ही काय केलं ते. चिखलणी करतातच कशासाठी? खालची माती घट्ट बसावी आणि पाणी खाली जाऊ नये म्हणून.

मामा आले तेव्हा त्यांचा सदरा अंगावर लोंबत होता. फाटकापाशी थांबले. खालच्या पायरीवर गेले, हळूहळू पालथे झाले आणि डोळा जमिनीला लावला. मी शेजारी उभी होते. बराच वेळ ते उठलेच नाहीत.

"कुनी केला?"

"बाबांनी. पण मी बोलावलं होतं. फळीवर मी उभी होते."

ते उठून बसले. गोलाकडे बघून म्हणाले, "भात आलाय."

"हो."

"चांगला आलाय."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रड मागनं. आधी पहार आन."

चषकाला पंधरा दिवस होते. नवीन उंचवटा करायला वेळ नव्हता, माती नव्हती. मग मामांनी दुसरा उपाय काढला. पहारीने हातभर खोल भोक पाडायचं, घट्ट थर फोडायचा, आणि त्यात वाळू भरायची. वाळू लांब उडीच्या खड्ड्यातली. दर दोन पावलांवर एक भोक. सकाळी मी कॉलेजला जाईपर्यंत, संध्याकाळी आल्यावर पुन्हा. मामा दहा भोकं पाडायचे आणि बसायचे, पुन्हा उठायचे. सरावाला येणारी मुलंही पहार मारायला लागली. माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. वर्गात पेन धरवत नव्हतं. आम्ही किती भोकं पाडली ते मोजलं नाही. मामा मोजू देत नसत. "मोजलीस की दमशील," म्हणायचे. मी न मोजताही दमले. मैदानाचा वरचा अर्धा भाग झाला आणि नदीकडचा राहिला.

पहिले सामने कोरड्यात पार पडले. पोलादपूरचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात गेला. मामा त्याच मुलखाचे माणूस, पण कुणाची बाजू घेत नव्हते, फक्त आकाशाकडे बघत होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री परतीचा पाऊस आला. आत्याच्या पत्र्यावर तो वाजत राहिला आणि मी पडल्या पडल्या नदीकडच्या त्या न पाडलेल्या भोकांचा विचार करत राहिले.

सकाळी पाऊस थांबला होता. भोकं पाडलेल्या भागातलं पाणी उतरत होतं, बुडबुडे येत होते. नदीकडच्या भागात पाणी उभं होतं. इथून तिथवर सारखं. बाबांनी सांगितलं होतं तसं, तसूभर वरखाली नाही. त्यात गोलाचं प्रतिबिंब सरळ उभं दिसत होतं.

पंचांनी बॉल खांद्याच्या उंचीवरून सोडला. बॉल उसळला पाहिजे, असा नियम. थप् असा आवाज झाला आणि तो पडला तिथेच राहिला. त्यांनी पाच ठिकाणी करून बघितलं. दुपारपर्यंत वाट बघितली. मग सामना दुसऱ्या तालुक्याच्या मैदानावर हलवला. पोलादपूरची मुलं बूट हातात घेऊन टेम्पोत चढली.

पायऱ्यांवर माणसं होती. दोन्ही संघांची, गावातली. अध्यक्ष मैदानाच्या कडेला उभे राहून मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"धोंडू, हे मैदान असं कुणी करून ठेवलं?"

मी मामांपासून चार पावलांवर होते. हातात फक्कीचा डबा होता. अध्यक्षांनी स्वतः फोटो काढला होता, त्यांना आठवत असणार. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मामा म्हणाले, "मी केला."

"तीस वर्षं काम करून एवढं कळत नाही?"

मामांनी मान खाली घातली. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "म्हातारा झाला, सोडा आता!" काही जण हसले.

मी बोलले नाही. डब्याची कडी मी दोन्ही हातांनी धरली होती, आणि मी बोलले नाही. अध्यक्ष निघून गेले. लोक निघून गेले. मामा म्हणाले, "डबा झाकून ठेव. फक्की भिजंल."

नंतर मी त्यांना विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "तुझा नाव सांगितला असता तर तुझ्या बापाचा आला असता. लावणी करून, पावसात भिजत आलेला मानूस. त्याला काय चारचौघांत हसू द्यायचा?"

त्या वर्षअखेर मामा निवृत्त झाले. समितीत निवृत्तीला नारळ आणि शाल देतात. त्यांना देण्याचं कुणाला सुचलं नाही. कपडे बदलायच्या खोलीतून त्यांनी आपली पिशवी घेतली, दोरी माझ्याकडे दिली आणि पोलादपूरच्या गाडीत बसले. उन्हाळ्यात अर्ध्या मैदानावर टर्फची जाळी उभी राहिली. आजही बाजारात बोलणं निघालं तर लोक म्हणतात, धोंडूमामाने शेवटी शेवटी मैदान घालवलं, म्हणून टर्फ आलं.

टर्फबद्दल वाईट लिहायचं नाही. त्याच्याखाली पाइप आहेत, पाणी लवकर जातं, आमच्यापेक्षा लवकर जातं. मुली तिथे निर्धास्त खेळतात. फक्त आधी वेळ घ्यावी लागते. पूर्वी कुणीही यायचं. उरलेल्या अर्ध्यात सात-सात जणांचे सामने होतात. तिथे मी गेली दोन वर्षं उन्हाळ्यात सकाळी वीस-वीस घमेली माती टाकून पुन्हा पाठ उभी करते आहे. अजून म्हशीची झाली नाही. फार तर रेडकाची झाली असेल. पाठ माझीच जास्त दुखते.

हा लेख मी का लिहिला ते आता सांगते. मैदान धोंडूमामांनी घालवलं नाही. त्यांनी थांब म्हटलं होतं, मी थांबले नाही. फळीवर मी उभी होते. आणि ज्या दिवशी विचारलं गेलं त्या दिवशी मी हजर होते आणि बोलले नाही.

कागद लिहून झाल्यावर मी पोलादपूरला जाऊन मामांना वाचून दाखवले. ते ओटीवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बापाला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. मी गावी गेले. बाबा चौथीपर्यंत शिकलेत, सावकाश वाचतात. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतले आणि स्वतःच वाचले, बोट ठेवून. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटच्या पानावर त्यांचं बोट बराच वेळ एका ओळीवर होतं.

"तो मान खाली घालून उभा रायला," ते म्हणाले. "नि तू?"

"मी डबा धरून उभी होते."

बाबांनी कागद घडी करून दिले. सकाळी उठले तेव्हा त्यांनी नव्या तांदळाची पिशवी बांधलेली होती आणि धुतलेला सदरा घातला होता. "चल," म्हणाले.

दोघं पहिल्यांदाच भेटत होते. बाबांनी पिशवी ओटीवर ठेवली आणि उभेच राहिले. मामांनी पिशवीत हात घालून दाणे बघितले.

"गोलातला हाय काय?"

बाबांना आधी कळलं नाही. मग ते हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. मामा सरकले, त्यांना बसायला जागा केली. मग चहा घेता घेता दोघं गाळाबद्दल बोलत होते. कुठल्या पुराचा गाळ कसा, कुठल्याला वास कसा. मी दाराशी बसून ऐकत होते.

मधेच बाबा थांबले. कपाकडे बघत, हळूच, मला ऐकू येऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "चिखलणी चांगली झाली व्हती पन. ना?"

मामांनी कप खाली ठेवला.

"झाक झाली व्हती," ते म्हणाले. "तीस वर्सांत एवढा सपाट मैदान मी बघितला नव्हता."